ढोलाचे अठ्ठावन्न फेरे

पद्माबाई पाईकराव यांच्यासमोर कुणी ‘बहुतेक’ म्हणालं की त्या हातातलं काम थांबवतात, मान तिरकी करतात आणि विचारतात, “म्हंजी तुमी बघितलं, का न्हाई बघितलं?” समोरचा चाचरतो. पद्माबाई पुन्हा कामाला लागतात. त्यांचे मालक भिवाजी सांगतात, की बत्तीस वर्षांच्या संसारात आपण हा शब्द चपलेसारखा घराबाहेर काढून मगच आत येतो.

हिंगोलीहून नरसी नामदेवला निघालं, की नरसीच्या अलीकडे एका फाट्यावर हवा एकदम पिवळी होते. तिथं तातेरावांचं हळद पॉलिश करायचं यार्ड आहे. शेतकरी हळद काढतो, शिजवतो, वाळवतो. पण वाळलेली हळद दिसायला मातीच्या ढेकळाची बहीणच. तिला तातेरावांच्या ढोलात घालायची. ढोल म्हणजे वाजवायचा नव्हे, मोटारीवर फिरणारं जाळीचं मोठं लोखंडी पिंप. त्यात कांड्या एकमेकींवर घासत राहतात, साल गळतं, धुरळा उडतो आणि आतून ते तेज बाहेर येतं, ज्याच्यावर हिंगोलीच्या मोंढ्यात भाव ठरतो.

आता हे किती वेळ करायचं? तिथंच सगळी मेख आहे. लवकर थांबवलं तर हळद आजारी दिसते. उशीर झाला तर शेतकऱ्याची हळद वजनानं धुरळा होऊन नरसीच्या रस्त्यावर उडून जाते. घड्याळ लावून भागत नाही, कारण प्रत्येकाचा माल वेगळा, वाळवण वेगळी. म्हणून तातेरावांच्या यार्डात घड्याळाच्या जागी पद्माबाई होत्या.

त्या ढोलाच्या पूर्वेला उभ्या राहायच्या. वारा पश्चिमेचा, म्हणजे सगळा धुरळा थेट तोंडावर. पण वाऱ्यासोबत आवाजही तिथंच येतो. पदर नाकाला, डोळे अर्धे मिटलेले, कान ढोलात. “आधी दगडं वाजतात,” त्या सांगायच्या, “मग कवड्या. मग घुंगरं. घुंगरं वाजली की झाली.” आणि त्यांचा उजवा हात वर जायचा. हात वर गेला की तातेराव मोटारीचा खटका पाडायचे. सहा हंगाम झाले, त्या हातावर कुणी प्रश्न केला नव्हता.

त्याच्या आधीची पंधरा वर्षं त्या शेडमध्ये बायांबरोबर मान खाली घालून हळद निवडायला बसत. ढोलापाशी तेव्हा एक बाहेरगावचा कारागीर होता. तो हात वर करायच्या जरा आधी शेडमधून एक आवाज यायचा, “झाली.” मान वर न करता. एकदा, दोनदा, दहादा. तातेरावांनी महिनाभर गंमत म्हणून ऐकलं आणि एक दिवस कारागीर गावी गेला तो आलाच नाही तेव्हा म्हणाले, “पद्माबाई, या इकडं. लांबून वरडण्यापेक्षा जवळून हात करा.” चौथी शिकलेल्या बाईला त्या दिवशी उभं राहायची जागा मिळाली. बसून कमावलेली जागा वेगळी आणि उभं राहून कमावलेली वेगळी, हे यार्डातल्या प्रत्येक बाईला कळत होतं.

आणि ती जागा एका संध्याकाळी गेली.

एप्रिलचे दिवस होते. दिवस कासराभर राहिलेला. ढोलात अमृतरावांचा माल होता. तीन एकर हळदवाले, जवळच्याच गावचे, पद्माबाईंच्या भावकीतले. ढोलात कवड्या वाजत होत्या. तेवढ्यात शेडमधून मोतीबाई ओरडली.

“अगं माय! पद्मे, ते काय?”

“कुठं?”

“लिंबाच्या पल्याड बघ की! डोळे उघडून बघ!”

पद्माबाईंनी डोळे पूर्ण उघडले. पश्चिमेला, रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाच्या डावीकडे, आभाळात काहीतरी होतं. पिवळं, लांबट. चाललं होतं. पक्ष्यासारखं पंख हलवत नाही, विमानासारखी मागं रेघ नाही. संथ, सरळ, आपल्याच तंद्रीत.

“विमान हाय,” ढोलावरचा एक पोरगा म्हणाला.

“विमान असं पिवळं असतं व्हय?”

“ड्रोन असंल. फवारणीचं.”

“एवढं मोठं? कुणाच्या शेताला फवारणार, साऱ्या तालुक्याच्या?”

मोतीबाईनं मोबाईल काढला. नंतर त्या व्हिडिओत पाहिलं तर निम्म्यात तिचं बोट होतं आणि निम्म्यात शेडचा पत्रा. ढोलाच्या दाराची एक बिजागरी सैल आहे, ती दर फेऱ्याला ‘ठक’ करते. पद्माबाईंच्या कानाला ते फेरे मोजायची सवय. डोळे वर आणि कान ढोलात, असे त्यांनी फेरे मोजले. अठ्ठावन्नाव्या फेऱ्याला ते पिवळं लिंबाच्या फांदीआड जायला लागलं. किती उंचावर होतं ते ध्यानात राहावं म्हणून पद्माबाईंनी हात लांब करून मूठ आभाळाला लावली.

हात वर गेला. तातेरावांनी खटका पाडला.

सवय ती. मान वर, तोंड उघडं, डोळे आभाळात. पण बाईंचा हात वर गेलेला दिसला आणि बोटांनी आपलं काम केलं. ढोल थांबला. पोरांनी दार उघडलं, माल खाली ओतला, पोती भरली, टेम्पोत टाकली. सगळे आभाळाकडे बघत बोलत होते आणि हात आपापली कामं करत होते. पद्माबाई भानावर येऊन “भाऊ, कच्ची हाय!” म्हणेपर्यंत टेम्पो रस्त्याला लागला होता.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात अमृतरावांच्या हळदीला आजारी हळदीचा भाव मिळाला.

तिसऱ्या दिवशी यूट्यूबवाला आला. माईक पद्माबाईंच्या तोंडाशी. त्या म्हणाल्या, पिवळं होतं, लांबट होतं, लिंबाआड गेलं. रात्री मोबाईलवर त्यांचं तोंड झळकलं आणि खाली अक्षरं नाचली: ‘हिंगोलीत अवतरली सोन्याची तबकडी! आवाज न करता उतरली! प्रत्यक्षदर्शी महिलेचा थरारक दावा!’

“मी उतरली कधी म्हणले?” पद्माबाईंनी विचारलं.

“म्हणली नसलीस तरी छान दिसून राहिलीस,” भिवाजी म्हणाले. “लुगडं चांगलं होतं.”

चौथ्या दिवशी अमृतराव यार्डात आले. गाडी बंद न करताच बोलले, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं म्हणून जोरात बोलावं लागलं.

“तातेराव, माझी निम्मी हळद अजून घरी हाय. पण मी ती पद्मावैनीच्या हातावर घालणार न्हाई. जिला आभाळात सोनं दिसून राहिलं तिला हळदीवरचं तेज काय दिसणार? बराबर हाय का न्हाई?”

पद्माबाई म्हणाल्या, “भाऊ, चूक माझी हाय. हात मी वर केला. पण सोनं मी म्हणले न्हाई.”

“मोबाईलमदी तुमचंच तोंड होतं ना, वैनी?”

आणखी दोघा-तिघांनी मान हलवली. तातेरावांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. ते वाईट माणूस नव्हते. पण हंगाम दीड महिन्याचा आणि पलीकडच्या फाट्यावर दुसरं यार्ड.

“बाई, थोडे दिवस शेडमदी बसा. हे वारं जाऊ द्या. मग बघू.”

“बघू म्हंजी?”

“बघू म्हंजी बघू.”

पद्माबाई शेडमध्ये जाऊन बसल्या. मोतीबाईनं सरकून जागा दिली. ढोलापाशी तातेराव स्वतः घड्याळ लावून उभे राहिले. पद्माबाईंच्या कानात दिवसभर घुंगरं वाजायची आणि ढोल त्यानंतरही फिरत राहायचा.

तोवर ती तबकडी आपल्या गतीनं मोठी होत चालली होती. मोतीबाईच्या तोंडी तिला खिडक्या फुटल्या. सेनगावकडच्या कुणीतरी तिला शेतात उतरवलं. कुणी म्हणालं देवाची पालखी, कुणी म्हणालं शेजारच्या देशाचं हेर. सीमेवर ड्रोनची धामधूम झाल्यापासून सरकार अशा गोष्टी हसण्यावारी नेत नाही. आठवड्यानं तलाठ्याचा निरोप आला: वायुदलाचे साहेब येणार आहेत. ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांनी हजर राहावं.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता पद्माबाई म्हणाल्या, “बरं झालं.”

“काय बरं झालं?” भिवाजींनी विचारलं. “फौजेची माणसं हायत ती. काय सांगशील?”

“दिसलं ते.”

“अन् ते काय होतं म्हणून इचारलं तर?”

“माहीत न्हाई.”

“हे बघ. फौजेला ‘माहीत न्हाई’ सांगितलं तर ते म्हंतील ही लपवून राहिली. काहीतरी ठाम सांग. ड्रोन म्हण. ड्रोन लई चांगला शब्द हाय.”

“अन् ड्रोन नसला तर?”

भिवाजींनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि बाहेरच्या चपलांकडे पाहिलं.

पद्माबाईंचा हिशेब साधा होता. सरकारी कागदावर लिहून यायला हवं, की या बाईनं जे सांगितलं ते नीट सांगितलं. सोनं नाही, खिडक्या नाहीत. तो कागद अमृतरावांना दाखवायचा आणि ढोलापाशी जाऊन उभं राहायचं.

साहेब आले ते पांढऱ्या बोलेरोतून. गाडी रस्त्यापलीकडे लिंबाच्या सावलीत लागली. स्क्वॉड्रन लीडर अमरसिंग, उंच, काळा गॉगल, हिंदी बोलणारे. सोबत सार्जंट प्रमोद, सांगलीकडचा, दुभाषा म्हणून आणलेला. त्यानं उतरल्या उतरल्या पोत्यातली एक कांडी उचलली, कडकन मोडली आणि आतला रंग पाहून म्हणाला, “बरी हाय. पण आमच्या सांगलीची हळद म्हंजे…”

“तुमच्या सांगलीच्या बाजारात आमचीच हळद येती ना?” शेडमधून आवाज आला.

“कोण बोललं ते?”

“पद्माबाई,” तातेराव म्हणाले. “तिलाच भेटायला तुमी आलात.”

ऐकू यावं म्हणून दिवसभर ढोल बंद ठेवला होता. खुर्च्या मांडल्या, चहा आला, जबाब सुरू झाले. यार्डाभोवती निम्मा गाव. अमृतरावही आपली उरलेली पोती घेऊन सकाळपासून येऊन बसले होते. ढोल बंद म्हणून चडफडत होते आणि तरी जात नव्हते. मोतीबाईनं जबाबात बैलगाडीएवढी तबकडी आणि तीन खिडक्या दिल्या. बाकीच्यांनी खिडक्या चार केल्या. रंगाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत, पिवळा. पिवळा, पिवळा, पिवळा. साहेब दर वेळी ‘पीला’ शब्दाखाली रेघ मारायचे आणि कपाळाला आठी घालायचे.

पद्माबाईंची पाळी आली तेव्हा दुपार कलली होती.

“कितना बड़ा था?”

“मावशी, केवढं होतं?”

“किती लांब होतं ते कळल्याबिगर केवढं कसं सांगू? मोतीबाईला बैलगाडी दिसली. मला हात लांब केला तर करंगळीच्या नखाएवढं दिसलं.”

प्रमोदनं भाषांतर केलं. साहेबांनी गॉगल काढला.

“आवाज़?”

“ढोल चालू होता. ढोल चालू असताना एसटी अंगावर आली तरी कळत न्हाई. आवाज होता का न्हाई, माहीत न्हाई.”

“ऊँचाई?”

“आभाळ टेकतं तिथून वर दोन मुठी. पहिल्यांदा दिसलं तवा दिवसाच्या डाव्या अंगाला, कासराभर लांब.”

“कासरा?”

“सर, बैल की रस्सी,” प्रमोद म्हणाला.

“आप लोग रस्सी से आसमान नापते हैं?”

“हमारे यहाँ सब नापते हैं, सर. मेरी दादी भी.”

साहेब हसले. मग त्यांनी वेळ विचारली. बाकीच्यांनी पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत काहीही सांगितलं होतं.

“ढोलाचे अठ्ठावन्न फेरे,” पद्माबाई म्हणाल्या. “अठ्ठावन्नाव्याला मी हात धरला अन् ढोल बंद झाला. म्हणून चुकायची सोय न्हाई.” त्यांनी अमृतरावांकडे पाहिलं नाही.

“और वो था क्या? आपको क्या लगता है?”

“माहीत न्हाई.”

गर्दीत भिवाजींनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. प्रमोदकडे वळून ते म्हणाले, “सोलह गाँव घूम लिए. पहली बार किसी ने कहा कि पता नहीं.” मग ते पद्माबाईंकडे वळले आणि बाजारात खरा तराजू सापडल्यावर माणूस ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात म्हणाले, “माँजी, आपका बयान सबसे पक्का है.”

तातेरावांनी ते ऐकलं. अमृतरावांनी ऐकलं. पद्माबाईंना वाटलं, झालं. एवढ्यासाठीच तर बसले होते.

फक्त एक राहिलं होतं. अठ्ठावन्न फेरे म्हणजे किती सेकंद, ते घड्याळावर मोजायचं. तोपर्यंत दिवसही पुन्हा कासराभर उरला होता. साहेब म्हणाले, सगळं त्या दिवसासारखंच करा. माल भरलेला ढोल हवा, तर अमृतराव टुणकन उठले, “मग माझाच घाला की! दिवसभर बसून राहिलो.” पोती रिकामी झाली, तातेरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहून खटका वर केला. ठक. ठक. ठक. प्रमोदच्या हातात स्टॉपवॉच. पद्माबाई आठ दिवसांनी आपल्या जागेवर उभ्या राहिल्या. धुरळा उठला, वाऱ्यावर वळला आणि ओळखीच्या माणसासारखा येऊन त्यांच्या तोंडाला लागला.

“अठ्ठावन्न,” त्या म्हणाल्या.

“दोन मिनिटं एकोणीस सेकंद,” प्रमोद म्हणाला. “फर्स्टक्लास, मावशी. आता ते कुठं गेलं तेवढं बोटानं दाखवा, की सही.”

ढोल फिरतच होता. त्यात माल होता, थांबवून कसं चालेल? सगळे ओरडून बोलायला लागले. पद्माबाईंनी पश्चिमेला बोट केलं. लिंबाची फांदी, आभाळाच्या कडेपासून दोन मुठी वर. मग नजर सहज झाडावरून खाली उतरली, बुंध्यापाशी आली आणि तिथंच अडकली.

“गाडी कुणी बदलली?”

“कंची गाडी?”

“साहेबांची. सकाळी पांढरी होती.”

प्रमोदनं वळून पाहिलं. तो धुरळ्याच्या बाहेर उभा होता. “पांढरीच हाय की, मावशी.”

पद्माबाईंना लिंबाखाली पिवळी बोलेरो दिसत होती. हळदीसारखी पिवळी. दिवसभर ढोल बंद होता आणि ती पांढरी होती. आता उतरतं ऊन धुरळ्यात शिरलं होतं आणि त्यातून दिसणारं सगळं, गाडी, रस्ता, रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्याचं धोतर, पिवळं झालं होतं. एकवीस वर्षं त्या या धुरळ्यात होत्या. शेडही त्याच अंगाला. इथं बसणाऱ्या कुठल्याच बाईला हे कधी दिसलं नव्हतं, कारण दिसायला त्याच्याबाहेर उभं राहावं लागतं आणि बाहेर कुणी उभं राहिलं की ढोल तरी बंद असायचा, नाहीतर सुट्टी झालेली.

म्हणजे त्या संध्याकाळी आभाळात जे होतं ते…

सही करायचा कागद टेबलावर होता. रंग: पिवळा. सगळ्यांनी तेच सांगितलेलं. गप्प बसलं तर कुणाला काय कळणार होतं? सबसे पक्का बयान. तातेरावांचा चेहरा मऊ झाला होता, अमृतरावांचा होत आला होता. आणि आता त्यांच्यासमोर म्हणायचं, की माझ्या डोळ्यानं चूक केली? ज्या डोळ्यावर संशय, त्याच डोळ्यानं?

पण गप्प राहून उद्या ढोलापाशी उभं कुठल्या कानानं राहायचं, हे त्यांना समजेना.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “रंग चुकला.”

“क्या?”

“पिवळं दिसलं, ते खोटं न्हाई. पण इथून सगळंच पिवळं दिसून राहिलं. तुमची गाडीबी. इथं या. इथं, माझ्या जागेवर.”

शेडमधून मोतीबाई फुटली. “अगं गप! पिवळं म्हणून माझा अंगठा झालाय त्याच्यावर!”

“अंगठा पुसता येतो का ते इचार.”

“सोन्याची तबकडी पांढरी करून राहिली ही! घरी आलेलं सोनं…”

गर्दी हसली. कुणीतरी म्हणालं, “आता खिडक्याबी पुसा.” अमृतराव मात्र हसले नाहीत.

साहेब उठले. इस्त्रीचा गणवेश, चकचकीत बूट, थेट धुरळ्यात शिरून पद्माबाईंच्या शेजारी उभे राहिले. दोनदा शिंकले. मग त्यांनी लिंबाकडे पाहिलं. खिशातला पांढरा रुमाल काढून प्रमोदकडे दिला, प्रमोद तो घेऊन रस्त्यापलीकडे पळाला आणि हात उंच करून धरला.

“पीला,” साहेब स्वतःशीच म्हणाले. “पूरा पीला.”

ते जवळजवळ पळतच टेबलाकडे गेले, फाईल उघडली, पानं उलटली. प्रमोद परत आला तेव्हा त्यांनी त्याला बोटानं एक एक ओळ दाखवली. नरसीचा प्रसादाचा दुकानदार: सफेद. सेनगाव रस्त्यावरचा मेंढपाळ: सफेद. कळमनुरीकडचे तिघे: सफेद. दिशा तीच, वेळ तीच. फक्त या एका फाट्यावर पीला. आठवडाभर साहेबांच्या डोक्यात दोन वेगवेगळ्या वस्तू उडत होत्या.

“दो नहीं थे,” ते म्हणाले. “एक ही था.”

“मग काय होतं ते?” तातेरावांनी विचारलं. “फुगा? ते हवामानवाले सोडतात तसला?”

“फुगा वाऱ्यासोबत जातो,” पद्माबाई म्हणाल्या. “वारा त्या दिवशी असाच होता, तोंडावर. अन् ते वाऱ्याच्या तोंडात गेलं.”

“वरचा वारा वेगळा असतो, मावशी,” प्रमोद म्हणाला. “खाली पश्चिमेचा असला तरी वर उलटा असू शकतो.”

“त्या दिवशी होता का?”

प्रमोदनं साहेबांना विचारलं. साहेब खांदे उडवून म्हणाले, “देखना पड़ेगा.”

“बघा मग. अन् कळलं की कळवा.”

“ते कळवता येत न्हाई, मावशी. गुप्त असतं.”

“अन् मला अजून काही कळलं तर?”

“तर तुम्ही लगेच कळवायचं.”

“वा रे न्याय,” पद्माबाई म्हणाल्या. या वेळी साहेबही भाषांतराशिवाय हसले.

प्रमोदनं जबाब दुरुस्त करून वाचून दाखवला: “वस्तूचा रंग पांढरा होता.”

“असं न्हाई. पांढरं मला दिसलं न्हाई. मला पिवळंच दिसलं. काय दिसलं ते लिवा, अन् काहून तसं दिसलं तेबी लिवा. पांढरं होतं का न्हाई ते पांढरं बघणाऱ्याला सांगू द्या.”

प्रमोदनं खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं. पद्माबाईंनी एकेक अक्षर जुळवत सही केली. साहेबांनी ‘माँजी, नमस्ते’ म्हणून हात जोडले, अंग झटकलं तर पिवळा ढग उठला. पिवळ्या गणवेशातले साहेब पांढऱ्या बोलेरोत बसले आणि गाडी हिंगोलीच्या दिशेनं गेली.

गर्दीची मजा संपली होती. सोनं गेलं, खिडक्या गेल्या. पद्माबाई शेडकडे निघाल्या. मोतीबाईनं पुन्हा सरकून जागा दिली आणि तोंड फिरवलं.

तातेरावांनी घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती. ते खटक्याकडे गेले.

“थांबा,” अमृतराव म्हणाले.

“टाइम झाला की.”

“थांबा म्हणलं ना.”

अमृतराव शेडपाशी आले. डोक्यावरचा रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, रुमालावरचा पिवळा डाग थोडा वेळ पाहिला. मागं ढोल फिरत होता. ठक. ठक.

“पद्मावैनी. साहेब पक्का बयान म्हणला होता. मग काहून मोडलं?”

“पक्का नव्हता म्हणून.”

“गप बसल्या असत्या तर?”

“तर मला रोज दिसलं असतं ते. गाडी पिवळी.”

अमृतरावांनी मान हलवली. “आन ते आभाळात होतं ते काय होतं?”

“माहीत न्हाई, भाऊ.”

“बरं.” त्यांनी ढोलाकडे अंगठा केला. “माझी हळद झाली का?”

पद्माबाई उठल्या. शेडच्या बाहेर आल्या, पदर नाकाला लावला आणि आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. डोळे अर्धे मिटले. तातेराव खटक्यावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत उभे होते.

“न्हाई झाली,” त्या म्हणाल्या. “अजून धा मिनिटं.”

अमृतरावांनी एक रिकामं पोतं ओढलं, झटकलं आणि त्याच्यावर बसले.